एक दार, तीन बिऱ्हाडें



आज मीं ज्या विषयावर बोलावयाचें ठरविलें आहे त्याचें नांव ऐकतांच आपल्यापैकीं कित्येकांचा हात रेडिओ बंद करण्याकडे वळेल, अशी मला धास्ती आहे. विषयाचें नांव ‘रिव्हर्स प्रॉक्सी’. शब्द परका आहे आणि कानाला खडबडीत लागतो. परंतु ज्या वस्तूचें तें नांव आहे ती आपण सर्वजण रोज वापरीत असतों. आगगाडीचें तिकीट काढा, विजेचें बिल भरा, किंवा नातवाच्या परीक्षेचा निकाल पाहा. आपण ज्या संगणकाशीं बोलतों आहों असें आपणांस वाटतें, तो बहुधा मूळ काम करणारा संगणक नसतोच. तो असतो दारावरचा माणूस. त्या माणसाची नेमणूक कशी करावी, त्याला कोणत्या सूचना द्याव्या, आणि एक सूचना द्यावयाची राहिली म्हणजे काय अनर्थ होतो, हें मीं स्वतः चुकून शिकलेलें आहे. म्हणूनच बोलण्याचें धाडस करतों.

मी या शास्त्राचा पंडित नव्हें. १९७५ सालीं जुन्या अकरावीची परीक्षा देऊन मॅट्रिक झालों, आणि पुढचें सारें आयुष्य प्राथमिक शाळेंत पाढे व शुद्धलेखन शिकविण्यांत गेलें. सेवानिवृत्तीनंतर खारदांड्यास, कोळीवाड्याच्या तोंडाशींच, राहतों. सकाळीं बाजारांतून बोंबील आणावे, दुपारीं वाचनालयांत बसावें आणि सायंकाळीं रात्रीच्या अभ्यासवर्गांतील मुलांच्या वह्या तपासाव्या, असा माझा दिनक्रम. म्हातारा मास्तर रिकामा दिसला कीं लोक त्याच्या गळ्यांत एकादी चिटणिशी अडकवितात. माझ्या गळ्यांत तीन अडकल्या: वाचनालयाची ग्रंथसूची, मच्छीमारांच्या एका सहकारी सोसायटीची डिझेलची नोंदवही आणि अभ्यासवर्गाची हजेरी.

या तिन्ही गोष्टी कागदावरून संगणकावर आल्या त्या तीन निरनिराळ्या हातांनीं. ग्रंथसूची एका महाविद्यालयीन विद्यार्थ्यानें हौसेनें करून दिली. डिझेलची वही सोसायटीनें तयार विकत घेतली. हजेरी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें, जो आतां अंधेरीस सीप्झमध्यें संगणकाच्या धंद्यांत आहे, दोन रविवारांत लिहिली. तिघांची भाषा निराळी, रीत निराळी. पैसा मात्र तिघांकडेहि सारखाच, म्हणजे बेताचा. म्हणून तिघांत मिळून एकच संगणक दरमहा भाड्यानें घ्यावयाचें ठरलें. हा संगणक आमच्या घरांत नसतो. तो कोठें तरी एका मोठ्या थंडगार इमारतींत असतो, आणि त्याला जगांत ओळखावयाला एक आंकडी पत्ता असतो.

तंटा येथेंच सुरू झाला. संगणकाला पत्ता एक, परंतु दारें पुष्कळ. नेमकीं सांगावयाचीं तर ६५,५३५. या दारांना पोर्ट म्हणतात. प्रत्येक कार्यक्रम आपलें एक दार धरून बसतो, आणि तेथें कोणी हांक मारली तर ओ देतो. एका दाराशीं दोघांना बसतां येत नाहीं. आतां आपण जेव्हां एकाद्या संकेतस्थळाचें नांव लिहितां तेव्हां दाराचा क्रमांक सांगत नाहीं, कारण तो गृहीत असतो: साध्या भेटीसाठीं ८० वें दार, आणि गुप्त लिपींतल्या भेटीसाठीं ४४३ वें. म्हणजे जगाच्या वहिवाटीचें दार एक, आणि त्यावर हक्क सांगणारीं बिऱ्हाडें तीन! ग्रंथसूची ३००० क्रमांकाच्या दारावर, डिझेलची वही ५००० वर आणि हजेरी ८०८० वर, अशी तात्पुरती सोय माझ्या विद्यार्थ्यानें केली. पण सोसायटीच्या सभासदांना ‘नांवापुढें दोन टिंबें देऊन पांच हजार लिहा’ असें सांगून पाहिलें, तेव्हां निम्म्यांनीं टिंबें गाळलीं, आणि उरलेल्यांनीं पांच हजार रुपये कशाचे, असें विचारलें.

‘मग तीन पत्ते घ्यावे,’ असें कोणी म्हणेल. पण पत्त्याला पैसे पडतात, आणि पत्त्यांचा दुष्काळ आहे. जुन्या पद्धतीचे आंकडी पत्ते सारे मिळून सुमारें ४२९ कोटि. त्यांची मध्यवर्ती कोठी ३ फेब्रुवारी २०११ रोजीं रिकामी झाली, आणि त्याच वर्षींच्या १५ एप्रिलपासून आपल्या आशिया-प्रशांत विभागांत पत्त्यांचें शिधावाटप सुरू झालें. अधिक लांब पत्त्यांची नवी पद्धति आली आहे खरी. तरी जुना पत्ता अद्याप सुटत नाहीं.

या अडचणीचा तोडगा शोधावयाला मुंबईच्या माणसानें परदेशीं जावयास नको. महानगरपालिकेच्या शाळांच्या इमारती पाहा. एकाच इमारतींत मराठी शाळा, हिंदी शाळा, उर्दू शाळा, कोठें गुजराती, कोठें तामीळ. मुख्याध्यापक वेगळे, हजेरीपट वेगळे. फाटक मात्र एक. फाटकावर एक शिपाई. पालक आला कीं शिपाई विचारतो, ‘कोणत्या शाळेंत जावयाचें?’ आणि उत्तराप्रमाणें त्याला जिना दाखवितो. आमचा दारावरचा माणूस याहून एक पाऊल पुढें जातो. तो पालकाला आंत सोडीतच नाहीं. त्याचा निरोप घेऊन स्वतः जिना चढतो, वर्गशिक्षकाचें उत्तर आणतो, आणि फाटकांतूनच पालकाच्या हातीं देतो. पालकानें वर्ग पाहिला नाहीं. आणि वर्गशिक्षकानेंहि पालकाला पाहिलें नाहीं. हें दुसरें वाक्य श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. मीं तें ठेवलें नव्हतें.

‘प्रॉक्सी’ हा शब्द आम्हां शिक्षकांच्या चांगल्या परिचयाचा. एकादा शिक्षक रजेवर गेला म्हणजे त्याच्या तासाला दुसरा जातो, तो प्रॉक्सी तास. आणि मागच्या बांकावरून गैरहजर मित्राच्या नांवाला ‘हजर’ म्हणतात, तीहि प्रॉक्सीच. दुसऱ्याच्या वतीनें बोलणारा, येवढाच त्याचा अर्थ. कचेरींतल्या माणसांच्या वतीनें बाहेरच्या जगाशीं बोलणारा जो संगणक, तो साधा प्रॉक्सी. आमचा माणूस आंतल्यांच्या वतीनें बाहेरून येणाऱ्यांशीं बोलतो, म्हणून तो उलटा, रिव्हर्स. यापुढें मी त्याला द्वारपाल म्हणेन.

द्वारपालानें विचारावें आणि पाहुण्यानें सांगावें, ही सोय आरंभापासून नव्हती. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथें सर्वसामान्यांना इंटरनेट खुलें केलें. त्या वेळच्या नियमांप्रमाणें पाहुणा दाराशीं येऊन ‘अमुक पान द्या’ येवढेंच म्हणे. कोणाचें पान, हें सांगण्याची सक्ति नव्हती. ज्याचा पत्ता त्याचें पान. जानेवारी १९९७ मध्यें या संभाषणाच्या नियमांची सुधारलेली आवृत्ति प्रसिद्ध झाली, आणि तिच्यांत ‘होस्ट’ नांवाची एक ओळ सक्तीची ठरली. पाहुण्यानें ज्या नांवाला हांक मारली, तें नांव त्यानें दाराशीं सांगितलेंच पाहिजे. सुधारणा एका ओळीची. पण आज एका पत्त्यावर हजार नांवें सुखानें नांदतात तीं तिच्या बळावर. गुप्त लिपीच्या दाराशीं आणखी एक पेंच होता. तेथें संभाषण सुरू होण्यापूर्वींच द्वारपालाला आपल्या ओळखीचा दाखला दाखवावा लागे, आणि पाहुण्याचें ‘होस्ट’ तर संभाषणांत यावयाचें! कोणत्या नांवाचा दाखला दाखवावा? २००३ सालच्या एका दुरुस्तीनें तो पेंच सुटला: पाहुणा आतां पहिल्या नमस्कारांतच नांव घेतो.

आम्हीं ‘डॉट इन’खालीं एक नांव वार्षिक भाड्यानें घेतलें. या ‘डॉट इन’ नांवांची वही पूर्वीं आमच्या शेजारींच, जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेंत होती. ती संस्था पुढें सी-डॅकमध्यें विलीन झाली, आणि २००५ सालीं वही निक्सीकडे गेली. नांव घेतेवेळीं ती आपल्या शेजारची वही असती तर बरें वाटलें असतें, येवढेंच.

द्वारपालाचें काम करणारे कार्यक्रम अनेक आहेत. आम्हीं ‘एन्जिन-एक्स’ निवडला. इगोर सिसोएव्ह या रशियन गृहस्थांनीं तो २००२ मध्यें लिहावयास घेतला, आणि ४ ऑक्टोबर २००४ रोजीं सर्वांना खुला केला. एकाच वेळीं दहा हजार पाहुण्यांना कसें तोंड द्यावें, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. जुनी रीत अशी कीं प्रत्येक पाहुण्यामागें एक कारकून द्यावयाचा. पाहुणा सावकाश बोलला तर कारकून ताटकळत बसे. सिसोएव्ह यांनीं इराण्याच्या हॉटेलांतल्या वेटरची रीत घेतली. (त्यांनीं इराण्याचें हॉटेल पाहिलें असेल असें मला वाटत नाहीं; तुलना माझी आहे.) एकच पोऱ्या दहा टेबलांवर फिरतो, एकाचा मस्का-पाव तयार होईपर्यंत दुसऱ्याचा चहा मागतो, आणि कोणासाठींहि ताटकळत उभा राहत नाहीं.

आतां प्रत्यक्ष हुकूमनामा. तो एका साध्या मजकुराच्या फाइलींत लिहितात, आणि तो वाचावयाला मॅट्रिकचें इंग्रजी पुरतें. प्रत्येक बिऱ्हाडाचा एक कंसबंद परिच्छेद. त्यांतली पहिली ओळ ‘लिसन’: कोणत्या दाराशीं कान द्यावा. दुसरी ‘सर्व्हर नेम’: कोणतें नांव घेणारा पाहुणा या परिच्छेदाचा. मग ‘लोकेशन’, म्हणजे त्या नांवाखालची कोणती वाट; आणि तिच्या पोटांत ‘प्रॉक्सी पास’, म्हणजे निरोप आंत कोणाकडे न्यावयाचा. ग्रंथसूचीसाठीं तेथें लिहिलें: १२७.०.०.१ या पत्त्याचें ३००० वें दार. हा १२७.०.०.१ मोठा मौजेचा पत्ता आहे. प्रत्येक संगणक स्वतःला याच पत्त्यानें ओळखतो. व्याकरणांतल्या ‘मी’सारखा तो आहे, जो उच्चारील त्याचा तो.

माझा पहिला बेत तीन नांवांचा नव्हता. एकच नांव ठेवावें आणि त्यापुढें तिरपी रेघ देऊन ‘ग्रंथ’, ‘डिझेल’, ‘वर्ग’ अशा तीन वाटा काढाव्या, असें मला वाटलें. दिसावयालाहि तें नीटनेटकें. या नीटनेटकेपणांत माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. ‘प्रॉक्सी पास’च्या ओळींत पत्त्याच्या शेवटीं तिरपी रेघ दिली, तर द्वारपाल वाटेचें नांव कापून उरलेला निरोप आंत नेतो, ती दिली नाहीं, तर निरोप जसाच्या तसा नेतो. एका रेघेचा हा फरक, आणि हस्तलिखितांत काना-मात्रा शोधीत आयुष्य घालविलेल्या माझ्या डोळ्यांना तो दिसला नाहीं. रेघ सुधारली तरी दुसरी अडचण उभीच. डिझेलच्या वहीला आपण कोणाच्या वाटेवर राहतों याची कल्पनाच नव्हती. ती आपल्या पानांतलीं चित्रें थेट मूळ नांवाखालीं मागे, आणि ती मागणी जाऊन पडे ग्रंथसूचीच्या पुढ्यांत. सभासदाला पान दिसे तें बिनरंगाचें, उघडेंबोडकें. शेवटीं माझ्या विद्यार्थ्यानें फोनवर सांगितलें, “गुरुजी, आंतल्या माणसाला आपण घरमालक आहों असें वाटूं द्या. तीन नांवें करा.” मूळ नांवाच्या आधीं ‘ग्रंथ’, ‘डिझेल’ आणि ‘वर्ग’ हे शब्द जोडून तीन नांवें केलीं, तीन परिच्छेद लिहिले, आणि ‘एन्जिन-एक्स वजा टी’ ही आज्ञा देऊन हुकूमनाम्याचें शुद्धलेखन तपासून घेतलें. ही आज्ञा मला मनापासून आवडते. हुकूम अंमलांत येण्यापूर्वीं तो तपासून देणारा कारकून कोणत्या कचेरींत मिळतो? मग ‘रीलोड’ म्हटलें. चालू असलेलीं संभाषणें न तोडतां द्वारपाल नवा हुकूम वाचतो. तिन्ही नांवें तिन्ही बिऱ्हाडांत बिनचूक पोहोंचूं लागलीं, आणि मीं विजयी मुद्रेनें चहा घेतला.

हें सारें पावसाळ्यांत चाललें होतें. १ जून ते ३१ जुलै या काळांत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. होड्या ओढून ठेवलेल्या, जाळ्यांची दुरुस्ती चाललेली. सोसायटीच्या चिटणिसांनाहि सवड होती. १ ऑगस्टला होड्या निघावयाच्या. मच्छीमारांना डिझेलवरील कराचा परतावा मिळतो, आणि त्यासाठीं कोणत्या होडीनें किती डिझेल उचललें याची नोंद चोख लागते. सोसायटीनें ठरविलें, कीं ३१ जुलैच्या सायंकाळपर्यंत प्रत्येक सभासदानें आपल्या फोनवरून नोंद करावी, आणि नोंद असेल त्यालाच दुसऱ्या दिवशीं पहांटे पंपावर डिझेल द्यावें.

त्या दिवशीं सातच्या सुमारास माझें दार वाजलें. एक कोळीण उभी होती, मागें तिची मुलगी हातांत फोन घेऊन. म्हणाली, “मास्तर, माझा परवलीचा शब्द बरोबर आहे. पोरीनें दोनदां टाकून पाहिला. तुमचें यंत्र मलाच चोर कां म्हणतें?” मीं फोन पाहिला. ‘पांच चुका झाल्या, एक तासानें या,’ असें त्यावर लिहिलेलें. पांच नाहींत, दोनच वेळां टाकला, असें मुलगी शपथेवर सांगत होती. तोंवर जिन्यावर आणखी पावलें वाजलीं. अर्ध्या तासांत माझ्या दारांत पंधरावीस माणसें जमलीं, आणि प्रत्येकाच्या फोनवर तेंच वाक्य. ज्यांनीं एकदांहि चूक केली नव्हती, त्यांनाहि यंत्र पांच चुकांचा आरोपी ठरवीत होतें.

कारण सांगतों. विकत घेतलेल्या त्या कार्यक्रमांत एक शहाणपणाची तरतूद होती: एकाच पत्त्यावरून पांच वेळां चुकीचा शब्द आला, तर तो पत्ता तासभर बंद. चोराला हें योग्यच. पण आमच्या रचनेंत डिझेलच्या वहीनें कोणाचाहि पत्ता कधीं पाहिलाच नव्हता. तिला जो निरोप येई तो द्वारपालाच्या हातून, आणि द्वारपाल राहतो १२७.०.०.१ मध्यें. वहीच्या दृष्टीनें साऱ्या कोळीवाड्यांत एकच माणूस होता, तोच पुनःपुन्हां येत होता, आणि अधूनमधून चुकत होता. कोण्या एकानें, कीं पांच जणांनीं एकेकदां, चूक केली; आणि सबंध गांवाला दार बंद झालें. वर्गशिक्षकानें पालकाला पाहिलेलें नव्हतें!

याची सूचना मला दोन दिवस आधीं मिळाली होती, आणि ती मीं हंसण्यावारी नेली होती. एका सभासदानें तक्रार केली, कीं परवलीचा शब्द बदलण्यासाठीं आलेल्या पत्रांतला दुवा उघडत नाहीं. पाहतों तों दुव्यांत पत्ता छापलेला १२७.०.०.१ चा. आपण विशेष सांगितलें नाहीं, तर द्वारपाल ‘होस्ट’ची ओळहि पाहुण्यानें आणलेली आंत देत नाहीं, स्वतःच्या हुकूमनाम्यांतला आंतला पत्ताच देतो. वहीनें तोच पत्ता खरा समजून पत्रांत लिहिला, आणि तो वाचणारा फोन बिचारा स्वतःच्याच दारावर टकटक करीत बसला. मीं तें पत्राचें बिघडलें असें समजलों. दोष एकच होता, त्याचीं लक्षणें दोन.

विद्यार्थी फोनवर आला. मीं द्वारपालाला दोष देऊं लागलों, तेव्हां तो नम्रपणें म्हणाला, “गुरुजी, तो सांगितलेल्याबाहेर कांहीं करीत नाहीं. पाहुणा कोण हें आंत सांगावें, असें तुम्हीं कुठें लिहिलें आहे?” लिहिलेलें नव्हतें. मग त्यानें ओळी सांगितल्या आणि मीं त्या उतरवून घेतल्या. ‘होस्ट’ची ओळ: पाहुण्यानें घेतलेलें नांव आंत तसेंच द्यावें. ‘एक्स-फॉरवर्डेड-फॉर’ची ओळ: पाहुण्याचा खरा पत्ता चिठ्ठीवर लिहून निरोपाला जोडावा. ‘एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो’ची ओळ: पाहुणा साध्या दारानें आला कीं गुप्त लिपीच्या, तें कळवावें. आणि शेवटीं वहीलाहि सांगावें लागलें, कीं द्वारपालानें आणलेल्या या चिठ्ठीवर विश्वास ठेव. वाचावयाला हें दोन मिनिटांचें काम. वहीची ती शेवटची खूण कोठें करावयाची हें सांपडावयाला रात्रीचे पावणेदहा झाले. दरम्यान चिटणिसांनीं कपाटांतून जुनी कागदी वही काढली होती, आणि माझ्या जेवणाच्या टेबलावर आम्हीं दोघांनीं होड्यांचे क्रमांक हातानें लिहून घेतले. जे घरीं परत गेले होते त्यांच्याकडे मुलें धाडलीं. साडेअकराला शेवटचें नांव लागलें. त्या कोळणीचें नांव मीं सर्वांत आधीं लिहिलें होतें. तें वाचून दाखवा, असें तिनें मला दोनदां म्हणावयास लावलें.

या चिठ्ठीविषयीं आणखी थोडें सांगितलें पाहिजे, कारण अर्धवट ज्ञान येथें फार घातक. चिठ्ठी कोणालाहि लिहितां येते. एकादा लबाड पाहुणा दाराशीं येतांनाच स्वतःच्या हातानें खोटा पत्ता लिहिलेली चिठ्ठी घेऊन आला, तर? द्वारपालाची एक प्रचलित रीत अशी, कीं आलेल्या चिठ्ठीच्या शेवटीं तो आपण पाहिलेला पत्ता जोडतो. एकापुढें एक असे अनेक द्वारपाल असतील तेथें ही रीत योग्य. पण मग आंतल्यानें चिठ्ठी उजवीकडून वाचली पाहिजे, डावीकडून नव्हे. जो डावीकडचा पहिला पत्ता खरा मानील, तो फसेल. आमच्यापुढें दुसरा द्वारपाल नाहीं. म्हणून आम्हीं आणलेली चिठ्ठी फेकून देऊन कोरी चिठ्ठी लिहावयाची आज्ञा केली. जून २०१४ मध्यें ‘फॉरवर्डेड’ या नांवानें या चिठ्ठीचा अधिकृत नमुनाहि ठरला. परंतु जुन्या चिठ्ठीची संवय जगाला इतकी जडली आहे, कीं नवा नमुना अजून तिला हटवूं शकलेला नाहीं.

येथें गोष्ट संपली असें मला वाटलें. गणपतींत माझा विद्यार्थी घरीं आला. मोदक खातां खातां त्यानें आपल्या फोनवर कांहींतरी लिहिलें, आणि फोन माझ्यापुढें धरला. डिझेलची वही! पण नांवानें नव्हे. संगणकाचा आंकडी पत्ता, पुढें दोन टिंबें, आणि ५०००. तेंच तात्पुरतें दार. फाटकावर द्वारपाल उभा करून आम्हीं मागचें दार सताड उघडें ठेवलें होतें. तेथें गुप्त लिपि नाहीं, द्वारपाल नाहीं, आणि कोरी चिठ्ठीहि नाहीं. उलट वहीला तर मींच शिकविलें होतें, कीं चिठ्ठीवर विश्वास ठेव. त्या दारानें येणारा जी चिठ्ठी आणील ती खरी! हवा तो पत्ता सांगून, कधींच न अडतां, कोणीहि परवलीचे शब्द अजमावीत बसला असता. वहींत सभासदांचे फोन-क्रमांक होते, होड्यांचे परवाने होते.

दुरुस्ती एका शब्दाची होती. कार्यक्रम सुरू करतांना तो कोणत्या पत्त्यावर कान देणार हें सांगावें लागतें. तेथें चार शून्यें लिहिलीं, तर तो साऱ्या जगाकडे कान देतो, १२७.०.०.१ लिहिलें, तर फक्त घरांतल्यांकडे. आमच्या तिन्ही ठिकाणीं चार शून्यें होतीं. कारण तात्पुरत्या सोयीच्या दिवसांत तींच लागत होतीं, आणि द्वारपाल आल्यावर तीं बदलावयाचें कोणालाहि सुचलें नाहीं. तीं बदललीं, आणि वर संगणकाच्या कुंपणांत ८०, ४४३ आणि आमच्या स्वतःच्या कामाचें एक दार येवढींच मोकळीं ठेवून बाकीचीं बुजविलीं.

त्या दोन महिन्यांत मागच्या दारानें कोणी आलें होतें कीं काय? याचें उत्तर मला देतां येत नाहीं. द्वारपालाच्या रोजनिशींत प्रत्येक पाहुण्याची वेळ, पत्ता व मागणी लिहिलेली असते. पण जो त्याच्या समोरून गेलाच नाहीं त्याची नोंद तो कोठून करणार? विकत घेतलेल्या वहीला स्वतःची रोजनिशी नव्हती. हें सर्व मीं सोसायटीच्या कमिटीपुढें उभा राहून सांगितलें. मास्तरकीच्या इतक्या वर्षांत चुकलेल्या मुलाला मीं फळ्यापाशीं उभें केलें असेल. त्या दिवशीं फळ्यापाशीं मी होतों. कमिटीनें मला शब्दानेंहि दुखविलें नाहीं. सर्वांचे परवलीचे शब्द बदलावयाचें ठरलें, आणि तें काम अर्थातच मजकडे आलें.

फुटकळ अनुभव पुष्कळ आहेत, दोनतीन सांगतों. कोणत्याच परिच्छेदाशीं न जुळणारें नांव घेऊन पाहुणा आला, तर द्वारपाल त्याला परत पाठवीत नाहीं. तो त्याला पहिल्या परिच्छेदाचा पाहुणा समजतो. आमचा पहिला परिच्छेद डिझेलच्या वहीचा होता. आतां सर्वांच्या आधीं एक रिकामा परिच्छेद ठेवला आहे, आणि अनोळखी नांवाला तेथें उत्तर न देतां दार लावून घेण्याचा हुकूम आहे. चिटणिसांना पावत्यांचीं छायाचित्रें चढवितां येईनात, तेंहि द्वारपालामुळेंच: सांगितलें नसल्यास तो एका मेगाबाइटहून मोठें ओझें आंत नेत नाहीं. आणि आपल्यापैकीं पुष्कळांनीं कधीं तरी ‘५०२’ किंवा ‘५०४’ हा आंकडा पडद्यावर पाहिला असेल, व सारें कोसळलें असें समजून कपाळाला हात लावला असेल. ‘५०२’ म्हणजे बहुधा द्वारपाल जिना चढून गेला, पण वर्गांत कोणी नव्हतें. ‘५०४’ म्हणजे वर्गांत कोणी असेलहि, पण ठरल्या वेळांत, सामान्यतः ६० सेकंदांत, उत्तर आलें नाहीं. दोन्ही वेळां द्वारपाल जागा आहे, आणि आपल्याशीं बोलतो आहे तो तोच.

गुप्त लिपीचे दाखले ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था डिसेंबर २०१५ पासून सर्वांना फुकट देते. ते द्वारपालाच्या एकट्याच्या खिशांत ठेवले, कीं आंतल्या तिघांना त्यांची काळजी उरत नाहीं. मुदत थोडी असते, पण नूतनीकरण यंत्र स्वतःच करतें. माझ्या निवृत्तिवेतनाच्या हयातीच्या दाखल्याचें अजून तसें झालेलें नाहीं.

परवां कोळीवाड्यांतल्या बायका आल्या होत्या. सुकट, सुके बोंबील आणि जवळा यांच्या मागण्या नोंदविणारा एक कार्यक्रम त्यांच्यांतल्या एकीच्या मुलीनें लिहिला आहे. तिला मीं दुसऱ्या इयत्तेंत बाराखडी शिकविली होती. चौथें बिऱ्हाड. त्याला ७००० वें दार दिलें आहे, फक्त घरांतल्यांकडे उघडणारें. परिच्छेद लिहून झाला आहे, चिठ्ठीच्या ओळी त्यांत आहेत, ‘वजा टी’चें उत्तर ठीक आलें आहे. नांव अजून जाहीर केलेलें नाहीं. उद्यां माझा विद्यार्थी अंधेरीहून आंकडी पत्ता आणि ७००० लिहून मागचें दार ठोठावणार आहे; तें उघडलें नाहीं म्हणजे बायकांना कळवीन.